टूमस्टोनची ‘बूटहिल’ दफनभूमी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, मेक्सिकोच्या सीमेपासून सुमारे पन्नास किलोमीटर अलीकडे, टूमस्टोन नावाचे एक छोटे गाव आहे. गावाच्या नावाचा अर्थच ‘थडग्याचा दगड’ असा आहे. १८७७ साली एड शिफेलिन नावाचा एक फिरस्ता या डोंगराळ, अपाची टोळ्यांच्या मुलखात चांदी शोधत हिंडत होता, तेव्हा लष्करी तळावरच्या एका ओळखीच्या माणसाने त्याला चिडवले होते, की या माळावर तुला दुसरे काही नाही, तुझ्या थडग्याचा दगड तेवढा सापडेल. शिफेलिनला चांदी सापडली आणि त्याने आपल्या खाणीच्या दाव्याला, म्हणजे खाणीसाठी हक्क सांगितलेल्या जागेला, तेच नाव दिले. १८७९ साली वसलेल्या या गावाच्या वायव्य टोकाला जी जुनी दफनभूमी आहे, ती आज ‘बूटहिल’ म्हणून ओळखली जाते. ती पाहायला जाणाऱ्याने तयारी काय करावी, आत गेल्यावर कोणत्या कबरीपाशी थांबावे आणि मुख्य म्हणजे तिथल्या फलकांवर किती विश्वास ठेवावा, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

जाण्यापूर्वी

टूसॉन शहरापासून टूमस्टोन सुमारे ११० किलोमीटर आहे. आंतरराज्य महामार्ग १० ने पूर्वेला बेन्सनपर्यंत जायचे आणि तेथून राज्य मार्ग ८० ने दक्षिणेला वळायचे, की सव्वा तासात आपण गावात असतो. फिनिक्स, चँडलर या भागात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींना एका बाजूने तीन तास धरावे लागतात, त्यामुळे पहाटे निघून रात्री परतणे शक्य असले तरी सोबत लहान मुले किंवा भारतातून आलेले आईवडील असतील तर एक मुक्काम करणे बरे. सार्वजनिक वाहनाच्या भरवशावर येथे येता येत नाही. स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवीच.

कागदपत्रांची गोष्ट अनेकजण विसरतात. हा सीमेलगतचा भाग असल्यामुळे उत्तरेकडे परतणाऱ्या गाड्या रस्त्यात सीमा गस्ती दलाच्या नाक्यावर थांबवल्या जातात आणि नागरिकत्वाची विचारणा होते. व्हिसावर असलेल्यांनी पासपोर्ट आणि प्रवेशाची नोंद, तर ग्रीन कार्ड असलेल्यांनी ते कार्ड सोबत ठेवावे. पाहुण्या आईवडिलांचे पासपोर्ट घरच्या कपाटात सुरक्षित ठेवून निघण्याची आपली सवय या रस्त्यावर महागात पडू शकते.

ऋतूचा विचारही करायला हवा. टूमस्टोनची उंची सुमारे १,३८० मीटर, म्हणजे जवळपास महाबळेश्वराइतकी आहे, परंतु हे ऐकून कोणी धुके आणि गर्द झाडीची कल्पना करू नये. दफनभूमी हा उघडा, खडकाळ उतार आहे आणि तेथे सावली जवळजवळ नाही. मे-जूनमध्ये दुपारी अकरानंतर तेथे उभे राहणे नकोसे होते. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत दुपारनंतर विजांसह वादळी पाऊस येतो. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ उत्तम, मात्र हिवाळ्यात सकाळी चांगलीच थंडी असते. ऑक्टोबरमध्ये गावात ‘हेलडोराडो’ हा १९२९ साली सुरू झालेला उत्सव भरतो. त्या दिवसांत राहण्याची सोय आधी करून ठेवावी, अथवा शांतपणे कबरी पाहायच्या असतील तर तो शनिवार-रविवार टाळावा.

पायांत बंद बूट घालावेत. खडी, निवडुंगाचे काटे आणि उन्हाळ्यात खुळखुळ्या साप, या तिन्ही गोष्टींना चप्पल पुरत नाही. डोक्यावर टोपी आणि माणशी एक मोठी बाटली पाणी असावे.

आणखी एक गोष्ट घरातच बोलून घ्यावी. आपल्याकडे स्मशानात कोणी सहज फिरायला जात नाही, आणि गेले तर घरी आल्यावर आंघोळ केल्याशिवाय कशाला हात लावत नाही. माझ्या आईने दारापर्यंत येऊन आत यायला नकार दिला आणि ती बाहेर गाडीत बसून राहिली. तिला आग्रह केला नाही, हे बरेच झाले. ज्यांना आत यायचे नाही त्यांच्यासाठी गावात पाहण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून त्यांना आधी गावात सोडून मग इकडे यावे.

दाराशी

महामार्गाच्या कडेलाच वाहनतळ आहे. प्रवेश भेटवस्तूंच्या दुकानातून आहे आणि माणशी काही डॉलर शुल्क भरावे लागते. त्याबरोबर जे माहितीपत्रक मिळते त्यात ओळीनुसार कबरींची यादी आणि प्रत्येकाच्या मृत्यूची एकदोन ओळींची हकिगत असते. ते घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण आतील फलकांवर मजकूर त्रोटक आहे. दुकानात खोटी पिस्तुले आणि गमतीचे कबरफलक विकायला असतात. ती खरेदी बाहेर पडताना करावी, म्हणजे हात मोकळे राहतात.

आत शिरण्यापूर्वी दोन गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. पहिली ही, की ‘बूटहिल’ हे नाव येथे पुरलेल्या माणसांनी कधी ऐकलेले नव्हते. पायांत बूट असतानाच, म्हणजे अंथरुणावर न मरता, ज्यांना मरण आले त्यांची टेकडी, असा त्या नावाचा अर्थ आहे, आणि ते कॅन्सस राज्यातल्या डॉज सिटीच्या दफनभूमीवरून विसाव्या शतकात उचललेले आहे. त्या काळात हे केवळ गावचे स्मशान होते. १८८४ साली ॲलन स्ट्रीटच्या पश्चिम टोकाला नवी दफनभूमी सुरू झाली आणि ही ‘जुनी’ ठरली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. खाणींत पाणी शिरून १८८०च्या दशकाच्या उत्तरार्धात गाव ओस पडू लागले, तसे या जागेकडे कोणी पाहीनासे झाले, लाकडी फलक उन्हापावसाने कुजले, काही लोकांनी आठवण म्हणून उचलून नेले, आणि १९२०च्या दशकापासून गावकऱ्यांनी जुन्या नोंदी आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी यांच्या आधारे कबरी पुन्हा उभ्या केल्या. आज दिसणारा एकही फलक १८८१ सालचा आहे असे समजून चालू नये. येथील अडीचशेहून अधिक कबरींपैकी काही पक्क्या आहेत, काही अंदाजाने बसवलेल्या आहेत आणि काही निव्वळ पर्यटकांच्या करमणुकीसाठी असाव्यात असा संशय येतो. कबर पाहताना ती यांपैकी कोणत्या जातीची असेल हे स्वतःला विचारत राहिले, तर या जागेची खरी गंमत कळते.

कबर कशी पाहावी

येथे संगमरवरी थडगी नाहीत. माणसाच्या लांबीइतका धोंड्यांचा ढीग आणि डोक्याशी एक रंगवलेला फलक, एवढेच प्रत्येक कबरीचे रूप आहे. धोंडे शोभेसाठी रचलेले नाहीत. येथील जमीन चुनखडीने सिमेंटसारखी घट्ट झालेली असते, तीत खोल खड्डा खणणे जिकिरीचे, आणि उथळ पुरलेले प्रेत कोल्हे उकरणार, म्हणून वर दगड रचण्याची पद्धत पडली. वाकून पाहिले तर दगडांच्या फटींतून निवडुंग उगवलेले दिसतात, काही कबरींवर लोकांनी ठेवलेली नाणी चमकताना दिसतात. नाणी उचलू नयेत, धोंडे हलवू नयेत आणि छायाचित्रासाठी ढिगावर पाय देऊ नये. छायाचित्रे काढायला हरकत नसते.

ज्यांच्यासाठी सगळे येतात ती कबर

बिली क्लँटन, टॉम मक्लॉरी आणि फ्रँक मक्लॉरी या तिघांच्या कबरी एकमेकांना लागून आहेत आणि तेथे गर्दी असतेच. त्यांच्यासाठी मात्र थोडी पूर्वतयारी लागते, कारण फलकावरचा मजकूर एका बाजूचा आहे. ‘टूमस्टोनच्या रस्त्यांवर खून, १८८१’ असे त्यावर लिहिलेले आहे.

२६ ऑक्टोबर १८८१ रोजी दुपारी गावाचा मार्शल, म्हणजे पोलीसप्रमुख, व्हर्जिल अर्प, त्याचे भाऊ वायट आणि मॉर्गन, आणि त्यांचा मित्र, दातांचा डॉक्टर असलेला जुगारी डॉक हॉलिडे, हे चौघे फ्रीमाँट स्ट्रीटवरून चालत गेले. गावात शस्त्र बाळगण्यास मनाई करणारा नियम होता आणि क्लँटन-मक्लॉरी मंडळींची शस्त्रे काढून घेण्यास आपण निघालो आहोत असे त्यांचे म्हणणे होते. सी. एस. फ्लाय या छायाचित्रकाराच्या घराशेजारच्या चिंचोळ्या मोकळ्या जागेत दोन्ही बाजू चारसहा पावलांवर समोरासमोर आल्या आणि सुमारे ३० सेकंदांत ३०च्या आसपास गोळ्या झाडल्या गेल्या. पळाला तो बिलीचा भाऊ आइक, ज्याने आदल्या रात्रीपासून धमक्या देऊन हे सगळे ओढवून आणले होते. मेला तो एकोणीस वर्षांचा बिली. जगभर ही चकमक ‘ओ. के. कॉरल’ या घोड्यांच्या तबेल्याच्या नावाने प्रसिद्ध झाली, मात्र तो तबेला घटनास्थळापासून काही अंतरावर होता. नाव सुटसुटीत असले की ते चिकटते, एवढेच.

तिघांची प्रेते शवपेट्यांत घालून लोकांना पाहण्यासाठी ठेवली गेली, त्यांचे छायाचित्र आजही उपलब्ध आहे, आणि अंत्ययात्रेला गाव लोटले. हे लोक दरोडेखोर म्हणून हिणवले जात असते तर असे झाले नसते. त्या काळात कोचीस परगण्यात ‘काउबॉय’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जाई आणि त्याचा अर्थ सीमेपलीकडून गुरे पळवून आणणारा चोर असा होई. प्रामाणिक माणूस स्वतःला पशुपालक म्हणवून घेई. परंतु त्याच चोरीच्या गुरांचे स्वस्त मांस गाव खात होते, म्हणून सहानुभूतीही होती. महाराष्ट्रात गावोगावी जे वीरगळ उभे आहेत, त्यांतील कित्येकांवर गुरे सोडवताना पडलेल्या वीराचे शिल्प असते. येथे फलक गुरे नेणाऱ्यांच्या बाजूने बोलतो, ही तुलना मला तेथे उभे असताना सुचली आणि अजून विसरता आलेली नाही.

न्यायाधीश वेल्स स्पायसर यांच्यापुढे महिनाभर सुनावणी चालली आणि अर्प बंधू व हॉलिडे यांच्यावर खटला चालवण्याइतका पुरावा नाही असा निर्णय झाला. प्रकरण तेथे मिटले नाही. डिसेंबरमध्ये व्हर्जिलवर दबा धरून गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्याचा हात कायमचा निकामी झाला, १८ मार्च १८८२ रोजी बिलियर्ड्स खेळत असलेल्या मॉर्गनला पाठीत गोळी घालून मारण्यात आले, आणि त्यानंतर वायटने कायदा बाजूला ठेवून सूड घेतला. नवख्या पाहुण्याची येथे नेहमी निराशा होते, कारण तो वायट अर्पची कबर शोधत असतो. अर्पांपैकी कोणीही येथे नाही. मॉर्गन कॅलिफोर्नियातील कोल्टन येथे पुरलेला आहे, हॉलिडे १८८७ साली कोलोराडोतील ग्लेनवुड स्प्रिंग्ज येथे क्षयाने गेला, आणि वायट १९२९ साली लॉस एंजेलिसमध्ये वृद्धापकाळाने मरण पावला. त्याची रक्षा सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या कोल्मा येथील ज्यू दफनभूमीत आहे, कारण त्याची पत्नी जोसेफिन ज्यू होती.

फाशी आणि जमाव

पुढे ‘बिस्बी हत्याकांडा’तील आरोपींच्या कबरींकडे जावे. ८ डिसेंबर १८८३ रोजी जवळच्या बिस्बी या खाणगावात पाच जणांनी एका दुकानावर दरोडा घातला आणि गोळीबारात चार माणसे मारली, त्यात एक गर्भवती स्त्री होती. डॅन डाउड, रेड सँपल, टेक्स हॉवर्ड, बिल डिलेनी आणि डॅन केली या पाचही जणांना २८ मार्च १८८४ रोजी टूमस्टोनच्या न्यायालयाच्या आवारात एकाच वेळी कायदेशीर फाशी देण्यात आली.

सहावा माणूस जॉन हीथ. तो दरोड्यात प्रत्यक्ष नव्हता, योजना आखणारा म्हणून त्याच्यावर ठपका होता आणि त्याचा खटला वेगळा चालला. त्याला फाशीऐवजी जन्मठेप झाली, तेव्हा बिस्बीहून आलेल्या जमावाने २२ फेब्रुवारी १८८४ रोजी त्याला तुरुंगातून ओढून काढले आणि तारेच्या खांबाला लटकावले. मरणोत्तर तपासणी करणारे डॉक्टर जॉर्ज गुडफेलो यांनी दिलेला निष्कर्ष वाचण्यासारखा आहे. मृत्यू फुप्फुसांच्या विकाराने झाला, तो विकार गळा आवळल्यामुळे झाला असावा, आणि गळा त्याने स्वतः आवळला की आणखी कोणी, हे त्यांनी मोघम ठेवले. खांब, दोर आणि जमाव यांतले काहीच त्या कागदात नव्हते. गावात राहायचे असलेल्या माणसाने लिहिलेला तो अहवाल आहे. हीथच्या नावाचा फलक येथे उभा आहे, पण त्याचे शव टेक्सासला नातेवाइकांकडे पाठवले गेले असे मानले जाते, म्हणजे त्या धोंड्यांखाली बहुधा कोणी नाही.

हसू येणारे फलक

माहितीपत्रकातील ज्या कबरीपाशी लोक मोठ्याने हसताना ऐकू येतात ती लेस्टर मूरची. फलकावर यमक जुळवलेले आहे: येथे लेस्टर मूर निजला आहे, चव्वेचाळीस कॅलिबरच्या पिस्तुलाच्या चार गोळ्या, ‘नो लेस, नो मोर’. लेस हे लेस्टरचे लाडके नाव, शिवाय इंग्रजीत त्याचा अर्थ ‘कमी’ असा होतो, म्हणून गोळ्या कमी नाहीत, जास्त नाहीत आणि लेसही उरला नाही, असा तिहेरी खेळ त्यात आहे. मराठीत तो उतरत नाही. फाटक्या पार्सलावरून भांडण होऊन वेल्स फार्गो या मालवाहतूक कंपनीच्या या कारकुनाला मारले अशी कथा सांगतात, परंतु असा माणूस होऊन गेला होता का याबद्दलच अभ्यासकांना शंका आहे. ‘चुकून फाशी दिलेला’ जॉर्ज जॉन्सन याचेही तसेच. तो बरोबर होता, आम्ही चुकलो, पण लटकवले आणि तो गेला, असे त्याचा फलक म्हणतो. छायाचित्र खुशाल काढावे, इतिहास म्हणून मुलांना सांगू नये.

घाई करू नये अशा ओळी

बहुतेक लोक येथून परत फिरतात. तसे करू नये. मार्शल फ्रेड व्हाइटची कबर शोधावी. ऑक्टोबर १८८० मध्ये कर्ली बिल या काउबॉयचे पिस्तूल हिसकावून घेताना व्हाइटला गोळी लागली, आणि दोन दिवसांनी मरण्यापूर्वी त्याने ती चुकून सुटली असा जबाब दिला, ज्यामुळे बिल सुटला. मित्राच्या बाजूने साक्ष देणे सोपे असते. मारणाऱ्याच्या बाजूने मरताना खरे बोलणारा हा माणूस या आवारातला मला सर्वांत आदरणीय वाटतो.

चिनी लोकांच्या कबरींकडेही अवश्य जावे. गावातील चिनी वस्तीवर जिचा शब्द चाले ती ‘चायना मेरी’ १९०६ साली वारली आणि दफनभूमी बंद होऊन बावीस वर्षे झाली असताना तिला येथे आणले गेले. परदेशात मेलेल्या चिनी माणसांची हाडे पुढे मायदेशी पाठवण्याची प्रथा त्या काळी होती, तिची मात्र येथेच राहिली. उताराच्या खालच्या अंगाला ज्यूंची वेगळी छोटी दफनभूमी आहे. तेथे १९८४ साली उभारलेले स्मारक ज्यू आद्य रहिवासी आणि त्यांचे मूलनिवासी मित्र या दोघांना अर्पण केलेले आहे. तेथपर्यंत चालत जावे लागते म्हणून तेथे कोणी नसते.

आणि मग ‘अज्ञात’ असे एकाच शब्दाचे फलक मोजावेत. लहान मुले, खाणीत दगावलेले, तापाने गेलेले, आत्महत्या केलेले यांची संख्या पिस्तुलाने मेलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि लहानशा ढिगापाशी ‘अज्ञात’ दिसले की माहितीपत्रक मिटून ठेवावेसे वाटते. या संपूर्ण फेरीला निवांतपणे एक ते दीड तास लागतो. वर पाहिले तर ईशान्येला ड्रॅगून डोंगररांग दिसते, ज्या अपाची नायकाचे नाव या परगण्याला दिले आहे तो कोचीस तेथे पुरलेला आहे. त्याची नेमकी जागा त्याच्या माणसांनी कोणाला सांगितली नाही.

बाहेर पडल्यावर

गावात १८८२ सालची न्यायालयाची इमारत आता राज्याचे संग्रहालय आहे आणि तिच्या आवारात फाशीचा चौथरा पुन्हा उभारलेला आहे. दफनभूमीत वाचलेली नावे येथे खटल्यांच्या रूपाने पुन्हा भेटतात, म्हणून हा क्रम उलटा करू नये. चकमकीचे नाट्यप्रयोग पैसे घेऊन दाखवले जातात, मुलांना ते आवडतात. जेवणाच्या बाबतीत शाकाहारी मंडळींनी फारशी अपेक्षा न ठेवता डबा न्यावा. वेळ उरला तर गावाबाहेर कच्च्या-पक्क्या रस्त्याने शिफेलिनच्या स्मारकापर्यंत जावे. १८९७ साली वारलेल्या या माणसाच्या इच्छेनुसार खाणीच्या दाव्याच्या खुणेसारखा दगडांचा उंच मनोरा तेथे रचलेला आहे.

परतण्यापूर्वी ॲलन स्ट्रीटच्या पश्चिम टोकाची, १८८४ नंतरची दफनभूमी अर्धा तास देऊन पाहावी. तेथे दुकान नाही, तिकीट नाही, फलकांवर विनोद नाहीत, आणि गावातील माणसे आजही तेथेच पुरली जातात. ज्याच्या घराशेजारी ती तीस सेकंदांची चकमक झाली, तो छायाचित्रकार फ्लाय १९०१ साली वारल्यावर याच ठिकाणी आणला गेला.